जुन्या मोटारीचा 'डेल्को' बदलताना घाई नको

तेर (जि. धाराशिव) : इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराची माहिती देणाऱ्या ग्रंथात तगर नगरीचा, म्हणजे आजच्या तेरचा, उल्लेख आढळतो. येथील कापड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेले जात असे, अशी नोंद त्यात आहे. त्या गाड्यांची चाके मोडली, तर ती दुरुस्त करणारा सुतार वाटेतल्या कोणत्याही गावात भेटत असणार. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचे तसे नाही. तिचा एखादा भाग निकामी झाला, की तेरच्या माणसाला आधी लातूर-सोलापूरकडे आणि तेथेही न मिळाल्यास पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते.

समजा, घरातील वडीलधाऱ्यांनी घेतलेली पद्मिनी अद्याप पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ती सुरू होते. पण गाव ओलांडण्यापूर्वीच धक्के देऊ लागते. प्लग बदलून झाले, कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला, कॉइल नवी बसविली, तरी गाडीचे 'मिसिंग' काही थांबत नाही. शेवटी गॅरेजमध्ये निदान केले जाते, "डेल्को गेला, बदलावा लागेल." आणि येथूनच खर्चाचा व चुकांचा खरा प्रवास सुरू होतो. डिस्ट्रिब्युटर या भागाला आपल्याकडील मेकॅनिक मंडळी सर्रास 'डेल्को' म्हणतात. मूळचे हे एका अमेरिकी उत्पादकाचे नाव. परंतु वनस्पती तुपाला जसे 'डालडा' म्हटले जाऊ लागले, तसेच हेही झाले.

मिळेल तो डेल्को आणून बसविला, गाडी सुरू झाली आणि मालकाने समाधानाचा सुस्कारा सोडला, असे अनेकदा घडते. नुकसान मात्र नंतर होते, तेही हळूहळू. पिस्टनला भोक पडते किंवा हेडचे गॅस्केट जळते आणि दोष पेट्रोलला दिला जातो. डिस्ट्रिब्युटर भोकात बसतो की नाही एवढेच पाहून तो निवडता येत नाही. तो त्या इंजिनाच्या स्वभावाशी जुळावा लागतो.

एका सेकंदात शंभर ठिणग्या

डिस्ट्रिब्युटरची कामे दोन. कॉइलकडून येणारा उच्च दाबाचा प्रवाह योग्य सिलिंडरच्या प्लगपर्यंत पोहोचविणे हे पहिले. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये १५ ते २५ हजार व्होल्टपर्यंत वाढतात. आत फिरणारा रोटर टोपणातील, म्हणजे कॅपमधील चार टोकांसमोरून जात प्रत्येक प्लगला त्याचा वाटा देतो. फोर स्ट्रोक इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यातील प्रत्येक ठिणगी 'सीबी पॉइंट' उघडण्याच्या क्षणी जन्माला येते.

दुसरे काम अधिक नाजूक आहे. सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एका क्षणात भडकत नाही. ते जळून दाब वाढण्यास साधारण दोन हजारांश सेकंद लागतात, असे धरून चालू. इंजिन ८०० फेऱ्यांवर मंद चालत असताना तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट सुमारे १० अंश फिरतो. ४००० फेऱ्यांवर तो तेवढ्याच वेळात सुमारे ४८ अंश फिरून गेलेला असतो. प्रत्यक्षात वेग वाढल्यावर मिश्रण अधिक घुसळले जाते व ज्वलनही काहीसे लवकर होते, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. तरीही वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडली पाहिजे, हे उघड आहे. यालाच 'अॅडव्हान्स' म्हणतात.

त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजने व दोन स्प्रिंग असतात. वेग वाढला, की वजने बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला थोडे पुढे ढकलतात. शेजारी एक चपटी डबी असते. तिच्यातील पडदा कार्ब्युरेटरकडील निर्वातामुळे ओढला जातो आणि गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालत असताना ठिणगी आणखी थोडी लवकर पाडतो. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की निर्वात नाहीसा होतो व ही जादा सूट आपोआप रद्द होते. इंजिनात संगणक नव्हते, तेव्हा ही दोन वजने, दोन स्प्रिंग आणि एक पडदा यांनीच संगणकाचे काम केले. ते पन्नास-साठ वर्षांनंतरही चालते, याचे कौतुक वाटावे.

जुना खरोखरच गेला आहे का?

नवा भाग शोधण्यापूर्वी जुन्याची तपासणी करावी. ती फार अवघड नाही. कॅप काढून रोटरखालील दांडा दोन बोटांनी आडवा हलवून पाहावा. जाणवण्याइतकी डुगडुग असेल, तर दांड्याचे बुश झिजले आहेत. असा दांडा फिरताना भोवंडतो, पॉइंटमधील अंतर प्रत्येक फेरीत बदलते आणि चारही सिलिंडरची वेळ वेगवेगळी होते. वेळेवर तेलाचे दोन थेंब न मिळाल्याचा हा परिणाम असतो. मात्र बुश झिजले म्हणजे डिस्ट्रिब्युटर मेला, असे नव्हे. चांगल्या लेथवर जुने बुश काढून नवे बसविता येतात. लातूर किंवा सोलापूरसारख्या ठिकाणी असे काम करणारा कुशल टर्नर शोधणे हे मुंबईतून अनोळखी माल मागविण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. बुश बसविल्यावर दांडा हाताने सहज फिरला पाहिजे आणि आडवा मुळीच हलता कामा नये, एवढी अट आधीच सांगून ठेवावी.

रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या ओढीने स्वतःहून मागे आला, तर वजने मोकळी आहेत. आला नाही, तर ती गंजली किंवा जुन्या ग्रीसने चिकटली असण्याची शक्यता अधिक. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष नेहमीचा आहे. रॉकेल व ब्रशने सफाई करून हलके तेल दिल्यास तो दूर होतो. निर्वाताच्या डबीची परीक्षा त्याहून सोपी आहे. तिची नळी कार्ब्युरेटरकडून काढून, टोक स्वच्छ पुसून तोंडाने ओढावी. आतील पट्टी सरकली पाहिजे आणि टोकावर जीभ धरली असता तेथेच टिकली पाहिजे. पट्टी परत आली, तर पडदा फाटलेला आहे. या दोषाने गाडी बंद पडत नाही, पेट्रोल मात्र अधिक खाते.

पॉइंट, कंडेन्सर, रोटर व कॅप हे तर झिजणारेच भाग आहेत. कंडेन्सर बिघडला, की पॉइंटवर काळे डाग पडतात व गाडी गरम झाल्यावर बंद पडू लागते. कॅपमध्ये केसाएवढी चीर गेली, की पावसाळ्यातील दमट सकाळी गाडी सुरू होत नाही आणि ऊन पडले की तीच गाडी बिनतक्रार चालते. चार-दोन सुट्या भागांच्या या दुखण्यांसाठी संपूर्ण डिस्ट्रिब्युटर फेकून दिला जातो, ही खरी खेदाची बाब आहे.

बाजारातील वाटा

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट ११०० व पुढे पद्मिनी बाहेर पडत असे. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिच्या सुट्या भागांना दीर्घकाळ गिऱ्हाईक राहिले; परंतु वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. अॅम्बॅसेडरचा उत्तरपाडा येथील कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला. जुन्या पेट्रोल जीपची स्थिती याहून वेगळी नाही. मागणी आटली, की दुकानदार माल ठेवत नाही, हा व्यवहार आहे.

अशा स्थितीत चार प्रकारचा माल पुढे येतो. पहिला, वर्षानुवर्षे दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला, न वापरलेला मूळ माल. तो सर्वांत चांगला. पण खोक्यावरचे नाव पाहून समाधान मानू नये. पडून राहिल्याने त्याचे वंगण वाळलेले व पडदा कडक झालेला असू शकतो. दुसरा, भंगारातील गाडीवरून उतरविलेला. कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, मुंबईचा चोर बाजार, पुण्याची नाना पेठ व जुना बाजार येथे तो धुंडाळणारे हौशी लोक आजही दिसतात. तिसरा, 'रिकंडिशन' म्हणून विकला जाणारा. यात नुसती रंगरंगोटी केली आहे की बुश खरोखरच बदलले आहेत, हे दांडा हलवून दुकानातच पाहावे. ते पाहू न देणाऱ्याकडून घेऊ नये. चौथा, नव्याने बनविलेली नक्कल. तिचे बाह्यरूप देखणे असते. शंका येते ती आतल्या मालाबद्दल. हलक्या प्रतीच्या पॉइंटची टाच लवकर झिजते, त्यामुळे पॉइंटमधील अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. हलक्या रोटरमधून विजेचा प्रवाह रिव्हेटवाटे दांड्यात उतरतो व गाडी रस्त्यातच उभी राहते.

कोणताही पर्याय स्वीकारला, तरी जुना डिस्ट्रिब्युटर बदल्यात देऊन टाकू नये. शे-दोनशे रुपयांची सूट मिळते खरी. मात्र त्या इंजिनासाठी बनलेला, अचूक क्रमांकाचा मूळ भाग कायमचा भंगारात जातो. पुढे नवा मानवला नाही, तर परत फिरण्याची वाट उरत नाही.

जुळणी कशाची पाहावी?

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, पेट्रोल अॅम्बॅसेडरचे १४८९ चे, तर जुन्या महिंद्रा जीपमधील हरिकेन इंजिन सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे. या तिन्हींचा ठिणगीचा क्रम एकच, १-३-४-२. त्यावरून अनेकांची समजूत होते, की एकाचा डेल्को दुसऱ्याला चालावा. ती चुकीची आहे.

सर्वप्रथम फिरण्याची दिशा पाहावी. कॅप काढून इंजिन हाताने फिरवावे आणि रोटर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो की उलट, हे लिहून ठेवावे. अॅम्बॅसेडर व हरिकेन या दोन्ही इंजिनांत तो उलट दिशेने फिरतो. विरुद्ध दिशेसाठी बनलेला डिस्ट्रिब्युटर बसविला आणि प्लगच्या वायरी त्यानुसार फिरवून लावल्या, तर गाडी सुरू होईलही. पण वजने कॅमला पुढे ढकलण्याऐवजी मागे नेतील. वेग वाढेल तशी ठिणगी उशिरा पडत जाईल, इंजिन तापेल आणि जोर नाहीसा होईल.

त्यानंतर दांड्याची लांबी व त्याचे खालचे टोक. काही डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला स्वतःचे गिअर असते, काहींना खाचेत बसणारी चपटी जीभ. लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ही जीभ मुद्दाम मध्यापासून किंचित बाजूला ठेवलेली असते, जेणेकरून तो उलटा बसविता येऊ नये. गिअरचे दात जुळत नसतील, तर ते कॅमशाफ्टचे दात खातात. दांडा लांब पडला, तर तळाशी टेकून घासतो. आखूड पडला, तर पकड अर्धवट राहते. हरिकेन इंजिनात डिस्ट्रिब्युटरला गती मिळते ती ऑइल पंपाच्या दांड्यातून. अशा ठिकाणी तळाची जुळणी चुकली, तर प्रश्न ठिणगीपुरता राहत नाही. म्हणून जुना व नवा असे दोन्ही शेजारी आडवे ठेवून, बैठकीच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंतचे माप व्हर्नियरने घ्यावे. नजरेचा अंदाज येथे उपयोगाचा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, परंतु बाहेरून न दिसणारे, ते अॅडव्हान्सचे प्रमाण. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन डिस्ट्रिब्युटर आतून पूर्णपणे वेगळे असू शकतात. लुकासच्या '२५ डी ४' या एकाच नमुन्याचे उदाहरण घेता येईल. अडीच इंची शरीर व चार सिलिंडर एवढाच या नावाचा अर्थ. हाच साचा अनेक गाड्यांसाठी वापरला गेला. स्प्रिंगचा ताण, वजनांची मर्यादा आणि डबीची ओढ मात्र प्रत्येक इंजिनानुसार ठरविली गेली. ओळख पटवायची, ती शरीरावर ठोकलेल्या सेवा-क्रमांकावरून. आत कॅमच्या पायथ्याशी आणखी एक आकडा कोरलेला सापडतो. तो १२ असेल, तर वजने डिस्ट्रिब्युटरला जास्तीत जास्त १२ अंश पुढे नेतील, असा त्याचा अर्थ. क्रँकशाफ्टवर ते दुप्पट, म्हणजे २४ अंश होतात. निम्म्या वेगाचा हा हिशेब विसरल्याने अनुभवी हातांकडूनही चूक होते.

येथे स्प्रिंगविषयी एक सावधगिरी. दोन स्प्रिंगपैकी एक जाड व सैल दिसते. ती खराब झाल्याचे समजून अनेक जण बदलतात अथवा वाकवून घट्ट करतात. वास्तविक ती सैलच असावी लागते. सुरुवातीला बारीक स्प्रिंग एकटीच काम करते व वेग बराच वाढल्यावर जाड स्प्रिंग तिच्या मदतीला येते. म्हणूनच अॅडव्हान्स आधी झपाट्याने आणि नंतर सावकाश वाढतो.

प्रमाणाबाहेर अॅडव्हान्स असलेला डिस्ट्रिब्युटर बसला, तर भार घेताना इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. हेच 'नॉकिंग'. मोठ्या वेगात मात्र रस्त्याच्या व वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही आणि पिस्टनचे नुकसान तेव्हाच होते. उलट अॅडव्हान्स कमी पडला, तर जळते वायू एक्झॉस्टकडे जाऊन वाल्व तापवितात. दोन्ही चुकांची किंमत डिस्ट्रिब्युटरच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

हे घरच्या घरी तपासता येते. पुढील पुलीचा परीघ दोरीने मोजून त्याला ३६ ने भागावे. येणारे अंतर म्हणजे १० अंश. पहिल्या सिलिंडरच्या वरच्या बिंदूची खूण शून्य मानून त्या अंतरावर १०, २०, ३० अंशांच्या पांढऱ्या खुणा कराव्यात. निर्वाताची नळी काढून तिचे तोंड बंद करावे व टायमिंग लाइटच्या प्रकाशात १०००, २०००, ३००० फेऱ्यांना कोणती खूण दिसते, ते वहीत टिपावे. हे आकडे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहिले, की दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही. जुना डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वीही हीच नोंद करून ठेवल्यास अधिक बरे.

गॅस किट बसविलेल्या गाड्यांचे गणित निराळे. एलपीजी किंवा सीएनजीला पेट्रोलपेक्षा वेगळा अॅडव्हान्स लागतो, त्यामुळे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीत तडजोड अटळ आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ऊसपट्ट्यातील वाचकांना इथेनॉलची ओळख करून देण्याची गरज नाही. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्यामुळे मिश्रण काहीसे विरळ होते आणि विरळ मिश्रणाची लक्षणे बिघडलेल्या डेल्कोसारखीच असतात. पिकअप घेताना गाडी अडखळत असेल, तर डिस्ट्रिब्युटरवर आरोप ठेवण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या जेटकडे एकदा पाहावे.

इलेक्ट्रॉनिक पर्याय

पॉइंट व कंडेन्सर काढून त्यांच्या जागी चुंबक व संवेदक बसविण्याची सोय आता मिळते. जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारा हा संच बाहेरून दिसत नाही, पॉइंट घासण्याची कटकट संपते आणि सकाळी गाडी लवकर सुरू होते. मात्र बुश झिजलेल्या दांड्याचा दोष त्याने जात नाही आणि वजने व स्प्रिंगही जुनीच राहतात. संच घेताना आपल्या कॉइलचा रोध त्याला मानवतो का, आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे, हे पाहावे. जुन्या ब्रिटिश घाटणीच्या काही गाड्यांत धन टोक बॉडीला असते. तेथे चुकीचा संच जोडताक्षणी जळतो. इंजिन बंद ठेवून किल्ली 'ऑन' राहिली, तरी काही संच जळतात. पॉइंटचा मोठा गुण असा, की ते बिघडले तरी रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून गाडी घरी आणता येते. संवेदक गेला तर टोचन करून आणण्याखेरीज उपाय नसतो. म्हणून संच बसविलेल्यांनी जुने पॉइंट व कंडेन्सर डिकीत ठेवावेत.

कागदपत्रांच्या दृष्टीनेही मूळ भागाला मोल आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम लागू केले. अशा वाहनांना क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार व नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट त्यात आहे. डिस्ट्रिब्युटर बदलल्याने कोणी नोंदणी नाकारील असे नाही. तथापि तपासणीला जाताना मूळ क्रमांकाचा भाग जवळ असलेला चांगला.

बसविताना

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणून, रोटर कॅपमधील पहिल्या वायरीच्या टोकाकडे आहे याची खातरजमा करूनच जुना डिस्ट्रिब्युटर काढावा. दोन कोनांतून छायाचित्र घ्यावे. मोबाइलमुळे हे काम आता सोपे झाले आहे. नवा बसविल्यावर पॉइंटचे अंतर फिलर गेजने पुस्तिकेप्रमाणे, सर्वसाधारणपणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर, ठेवावे. टायमिंग लाइट नसल्यास १२ व्होल्टचा साधा दिवा पुरतो. त्याची एक वायर कॉइलवरून पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला व दुसरी बॉडीला लावून किल्ली 'ऑन' करावी. पॉइंट उघडताच दिवा लागतो आणि तोच ठिणगीचा क्षण असतो. डिस्ट्रिब्युटरचे शरीर रोटरच्या दिशेविरुद्ध फिरविले, की ठिणगी लवकर पडते. त्याच दिशेने फिरविले, की उशिरा.

पहिली फेरी दूरची नसावी. तेरहून ढोकीपर्यंत जाऊन यावे, तेही मध्यम वेगाने. वाटेत वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून खडे वाजतात का, ते काचा खाली करून ऐकावे. परत आल्यावर चारही प्लग काढून पाहावेत. टोके फिकट तपकिरी असतील, तर जुळणी ठीक आहे. पांढरीफटक दिसली किंवा त्यांवर बारीक चकचकीत ठिपके आढळले, तर गाडी पुन्हा रस्त्यावर काढू नये आणि जपून ठेवलेला जुना डिस्ट्रिब्युटर टर्नरकडे पाठवावा.